एकोणऐंशी राउटर आणि एक न मोजलेली लांबी

१५ जून २०२० रोजी नेटगियर कंपनीच्या घरगुती वायफाय राउटरमधला एक दोष जगजाहीर झाला. त्या दिवशी कंपनीकडे त्यावरचा उपाय तयार नव्हता. दोष जुन्या ओळखीचा, बफर ओव्हरफ्लो जातीचा, म्हणजे ठरावीक जागेत मावेल त्याहून जास्त मजकूर लिहिला जाण्याचा. पण एका संशोधकाने फर्मवेअरच्या, म्हणजे राउटरच्या आत बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या, जुन्या-नव्या फाइली गोळा करून मोजदाद केली, तेव्हा ७९ मॉडेलं आणि त्यांच्या फर्मवेअरच्या ७५८ आवृत्त्या त्यात सापडल्या. सर्वांत जुनं मॉडेल २००७ सालचं होतं.

त्या प्रकरणाची ही मांडणी. व्यक्तींची नावं दिलेली नाहीत, त्यांची गरजही नाही. कंपनीचं नाव मात्र झाकण्यात अर्थ नाही. दोषाची सगळी जाहीर नोंद तिच्याच नावावर आहे. तांत्रिक भाग थोडा सविस्तर घेतला आहे. 'राउटर हॅक होत होता' एवढ्यावर भागवलं, तर पुढचे निर्णय बरोबर होते की चूक, हे तपासायला हाताशी काहीच उरत नाही.

पार्श्वभूमी

घरातला राउटर हा छोटा संगणकच असतो. त्यात प्रोसेसर असतो, बहुतेक वेळा लिनक्स ही कार्यप्रणाली असते, आणि एक वेबसर्व्हर दिवसरात्र चालू असतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असा पत्ता टाकून आपण वायफायचा पासवर्ड बदलतो, तेव्हा समोर येणारं पान हाच सर्व्हर देतो. या राउटरांमध्ये तो रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, हक्कांनी चालत होता. म्हणजे त्याचा ताबा गेला की सगळ्या राउटरचा ताबा गेला.

हा धंदा कसा चालतो तेही लक्षात घ्यायला हवं. चिप बनवणारी कंपनी चिपसोबत सॉफ्टवेअरचा मूळ संच देते. राउटर कंपनी त्यावर आपली पानं, आपला लोगो, आपल्या सोयी चढवते. पुढच्या वर्षीचं मॉडेल करताना कोऱ्या पाटीवरून कुणी सुरुवात करत नाही. आधीच्या मॉडेलचा कोड उचलला जातो आणि नव्या चिपवर बसवला जातो. चालणाऱ्या कोडला हात लावायला कुणालाच वेळ नसतो. त्यामुळे एकदा शिरलेली चूक मॉडेलामागून मॉडेलात वारशासारखी जात राहते.

राउटरवर कुणाचा डोळा असतो, हा प्रश्न २०२० पर्यंत उरला नव्हता. २०१८ च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाचं घातक सॉफ्टवेअर उघडकीला आलं. ते ५४ देशांतल्या किमान ५ लाख उपकरणांत शिरलं होतं, आणि त्यात नेटगियरचीही काही मॉडेलं होती. अमेरिकेच्या एफबीआयने तेव्हा लोकांना आपापले राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं होतं. मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदी लागली, आणि हिंजवडीतल्या आयटी कंपनीपासून तालुक्याच्या गावातल्या कर सल्लागारापर्यंत सगळ्यांचं काम घरच्या राउटरवरून सुरू झालं. ऑफिसच्या नेटवर्कला निदान कुणी एक माणूस नेमलेला असतो. घरच्या नेटवर्कला कुणी नसतं.

नेमका दोष

राउटरच्या पानांवर फर्मवेअर बदलण्याची सोय असते. आपण फाइल निवडतो, ती राउटरकडे जाते, आणि ही फाइल आपल्याच मॉडेलची आहे ना, हे राउटर आधी तपासतो. तपासणीसाठी फाइलच्या सुरुवातीला एक ठरलेली खूण असते. या राउटरांत ती चार चिन्हांची होती: *#$^. खुणेनंतरच्या चार बाइटमध्ये पुढच्या शीर्षभागाची लांबी लिहिलेली असते, आणि मग तो शीर्षभाग येतो.

वेबसर्व्हर हा शीर्षभाग उचलून स्टॅकवरच्या, म्हणजे चालू कामासाठी मेमरीत राखलेल्या भागातल्या, एका ठरावीक आकाराच्या जागेत उतरवून घेत असे. किती बाइट उतरवायचे? फाइलमध्ये लिहिलं असेल तितके. आपल्याकडची जागा तेवढी आहे का, हे तो पाहतच नव्हता. पंगतीला दहा पाटांची ओटी आखलेली असावी, आणि येणाऱ्या पाहुण्याने 'आम्ही चाळीस' म्हटलं की यजमानाने न मोजता चाळीस पाट मांडत सुटावं, मग ते शेजारच्या खोलीत का जाईनात, तसा हा प्रकार.

स्टॅकवर त्या शेजारच्या खोलीत काय असतं, यावर सगळं अवलंबून आहे. तिथे 'हे काम संपलं की परत कुठे जायचं' तो पत्ता ठेवलेला असतो. शीर्षभाग मुद्दाम लांबलचक करून पाठवला की तो पत्ता पुसला जातो आणि त्या जागी पाठवणाऱ्याचा पत्ता बसतो. फंक्शन आपलं काम आटोपतं, परतीचा पत्ता वाचतं आणि मुकाट्याने परक्याने सांगितलेल्या ठिकाणी जातं.

ही युक्ती १९८८ च्या मॉरिस वर्मने, म्हणजे इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या एका सुरुवातीच्या प्रोग्रॅमने, वापरली होती. १९९६ मध्ये ती पायरीपायरीने समजावणारा लेख प्रसिद्ध झाला, त्यानंतर ती शिकाऊ पोरांच्याही हाती आली. दुरुस्ती म्हणाल तर उतरवून घेण्याआधी एक तुलना: लांबी जागेपेक्षा जास्त असेल तर फाइल नाकारा.

इतकी साधी चूक एवढी महाग का पडली

न मोजलेल्या लांब्या जगभरच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडतात. सगळ्यांतून राउटर हातचा जात नाही. इथे गेला, कारण चुकीच्या आजूबाजूला जी कुंपणं असायला हवी होती ती एकामागून एक गायब होती.

पहिलं कुंपण लॉगिनचं. फाइल तपासण्याचं हे काम पासवर्ड विचारण्याआधीच गाठता येत होतं. म्हणजे 'माझा अॅडमिन पासवर्ड भक्कम आहे' या समाधानाचा इथे उपयोग शून्य.

दुसरं कुंपण ब्राउझरच्या बाजूचं. दुसऱ्याच कुठल्या वेबसाइटने आपल्या ब्राउझरआडून राउटरला विनंती पाठवू नये, म्हणून प्रत्येक विनंतीसोबत एक गुप्त टोकन तपासायचं असतं. राउटरमध्ये ती तपासणी होती, पण दोषाची जागा तिच्या आधी येत होती. त्यामुळे हल्लेखोराने आपल्या वायफायमध्ये शिरण्याची गरजच उरली नाही. घरातल्या कुणीतरी, अगदी शाळेतल्या मुलीनेही, मोबाइलवर एखादं फसवं पान उघडलं की तिच्याच ब्राउझरकडून राउटरला ती घातक फाइल जाऊ शकत होती. बाहेरून राउटर चालवण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद असली तरीही.

तिसरं कुंपण कंपायलरचं, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाचं, आणि या प्रकरणातला मला सर्वांत जास्त खटकलेला भाग हाच. परतीच्या पत्त्याच्या अलीकडे कंपायलर एक गुप्त आकडा ठेवू शकतो. फंक्शन संपताना तो आकडा बदललेला दिसला, तर कुणीतरी ओसंडून लिहिलं आहे हे ओळखून प्रोग्रॅम तिथेच थांबतो. याला स्टॅक कुकी म्हणतात. जीसीसी या मुक्त कंपायलरमध्ये ही सोय २००६ मध्ये ४.१ आवृत्तीसोबत अंगभूत झाली, म्हणजे दोषाच्या यादीतलं सर्वांत जुनं मॉडेल बाजारात येण्याच्या आधी. कोड न बदलता, कंपायल करताना एक पर्याय चालू ठेवला की मिळणारं हे संरक्षण. ७५८ आवृत्त्यांत ते जवळपास कुठेच नव्हतं.

जवळपास असं म्हणायचं कारण आहे. डी८५०० या मॉडेलच्या एका आवृत्तीत, आणि आर६३००व्ही२ च्या लागोपाठच्या काही आवृत्त्यांत कुकी सापडल्या. त्याच दोन मॉडेलांच्या नंतरच्या आवृत्त्यांत त्या पुन्हा नाहीशा झाल्या! म्हणजे त्या चालू करणं शक्य होतं, उपकरणाला झेपत होतं, एकदा झालंही होतं. मग कुणाच्या तरी संगणकावर कंपायलरचा संच बदलला असेल, किंवा जुनीच बिल्ड फाइल परत उचलली गेली असेल. कारण काहीही असो, आलेलं संरक्षण गेलं आणि फरक कुणाच्या लक्षात आला नाही.

चौथं कुंपण पत्त्यांचं. आजकाल प्रोग्रॅम दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी चढवला जातो, म्हणजे कुठे उडी मारायची हे हल्लेखोराला आधी ठाऊक नसतं. या राउटरांत बाकीचे भाग हलत होते, पण मुख्य वेबसर्व्हर दर वेळी त्याच जागी बसत होता, कारण तो तशा पद्धतीने कंपायल केलेलाच नव्हता. हल्लेखोरापुढे एकच खरी अडचण उरली: त्या जागेचे पत्ते लहान असल्यामुळे त्यांत शून्याचा बाइट येई, आणि शून्य आला की मजकूर तिथेच तुटे. त्यामुळे लांब साखळी रचता येत नव्हती, मिळत होती ती एकच उडी. संशोधकाने वेबसर्व्हरच्याच कोडमध्ये अशी जागा शोधली की तिथे उडी मारताच स्टॅकवरचा मजकूर थेट आज्ञा म्हणून चालवला जाई. त्या एका आज्ञेने ८८८८ या पोर्टवर टेलनेट, म्हणजे दुरून आज्ञा देण्याची सोय, सुरू होत होती, रूटच्या हक्कांसह, पासवर्ड न विचारता.

राउटरवर नेमकी कुठली आवृत्ती आहे, एवढंच आता कळायला हवं होतं. तेही राउटर स्वतःच, लॉगिन न मागता, एका पानावर सांगत होता.

पहिला निर्णय: किती दिवस थांबायचं

दोष दोघांना स्वतंत्रपणे सापडला. एक जण व्हिएतनाममधल्या इंटरनेट सेवा कंपनीच्या सुरक्षा विभागातला. त्याने तो झीरो डे इनिशिएटिव्हकडे दिला. ट्रेंड मायक्रो कंपनीचा हा उपक्रम संशोधकांकडून दोष विकत घेतो आणि उत्पादकाला कळवतो. दुसरा अमेरिकेतल्या ग्रिम या सुरक्षा कंपनीतला.

इनिशिएटिव्हने ८ जानेवारी २०२० रोजी नेटगियरला कळवलं. त्यांचा नियम असा की उत्पादकाला दुरुस्तीसाठी १२० दिवस, मग दोष जाहीर. म्हणजे मुदत मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संपत होती. मुदत संपता संपता कंपनीने १५ जूनपर्यंत वाढ मागितली आणि ती मिळाली. मग जूनअखेरपर्यंत आणखी वाढ मागितली. ती नाकारली गेली आणि १५ जूनला सूचना प्रसिद्ध झाली.

इथे दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखं बरंच होतं. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर मार्चपासून कार्यालयं बंद होती. राउटरच्या फर्मवेअरची चाचणी घरी लॅपटॉपवर होत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष उपकरणांची मांडणी लागते. त्यात मॉडेलं डझनावारी. आणखी दोन आठवडे दिले असते तर काय बिघडलं असतं, असं वाटणं साहजिक आहे.

दुसरी बाजू अशी की दोष दोघांना वेगवेगळा सापडला होता. जो दोघांना सापडतो तो तिसऱ्यालाही सापडू शकतो, आणि तो तिसरा कुणाला कळवायला जात नाही. शिवाय पाच महिन्यांनंतरही एकाही मॉडेलचा उपाय बाहेर आलेला नव्हता. सगळी मॉडेलं राहू द्या, सर्वाधिक खपणाऱ्या एक-दोन मॉडेलांचं फर्मवेअर जरी मे महिन्यात आलं असतं, तरी दुसऱ्या मुदतवाढीच्या मागणीला वजन आलं असतं. माझ्या मते इनिशिएटिव्हचा नकार योग्य होता. मुदतवाढ मागणाऱ्याने मधल्या काळात काय केलं ते दाखवायला हवं.

दुसरा निर्णय: किती उघडं करायचं

इनिशिएटिव्हची सूचना मोजक्या शब्दांत होती: दोष कुठे, कशा प्रकारचा, आणि विश्वासातल्या यंत्रांनाच राउटरशी बोलू द्या असा तात्पुरता सल्ला. त्याच दिवशी ग्रिमचा सविस्तर लेख आला. त्यात दोष कसा शोधला याची सगळी कहाणी होती, आणि सोबत चालणारा हल्ल्याचा कोडही होता. तोही एका मॉडेलपुरता नाही. प्रत्येक आवृत्तीत उडी मारायची जागा वेगळी असते; ती आपोआप शोधणारी स्क्रिप्ट लिहून ७५८ आवृत्त्यांचे पत्ते तयार केलेले होते.

लेख प्रसिद्ध करण्यावर माझा आक्षेप नाही. ७९ मॉडेलांची यादी त्याच कामातून पुढे आली. ती नसती तर इनिशिएटिव्हच्या सूचनेवरून हे एकदोन मॉडेलांचं प्रकरण आहे असाच समज झाला असता. कुकी आल्या आणि गेल्या, हेही आपल्याला त्या लेखामुळेच माहीत आहे. पण एकाही राउटरसाठी उपाय उपलब्ध नसताना, सगळ्या आवृत्त्यांवर चालणारा तयार कोड पहिल्याच दिवशी देण्याची निकड काय होती, हे मला अजून पटलेलं नाही. आर७००० या एका मॉडेलच्या एका आवृत्तीवरचं प्रात्यक्षिक पुरेसं होतं. कसलेल्या हल्लेखोराने बाकीचे पत्ते स्वतः शोधलेच असते, हा युक्तिवाद खरा आहे. पण सगळेच कसलेले नसतात.

मात्र एक गोष्ट नाकारता येत नाही. पाच महिने जे हललं नव्हतं ते त्यानंतर काही दिवसांत हललं.

कंपनीपुढचे पर्याय

नेटगियरपुढे तीन वाटा होत्या. सगळ्या मॉडेलांचं पूर्ण चाचणी झालेलं फर्मवेअर तयार होईपर्यंत थांबायचं. घाईने तात्पुरती दुरुस्ती काढायची. किंवा काही मॉडेलं सोडून द्यायची आणि तसं सांगायचं.

पहिली वाट १५ जूनलाच बंद झाली होती. कंपनीने दुसरी आणि तिसरी एकत्र निवडली. हॉटफिक्स या नावाने तातडीच्या आवृत्त्या येऊ लागल्या, आधी आर६४००व्ही२ आणि आर६७००व्ही३ या मॉडेलांसाठी, मग एकेक करून इतरांसाठी. नेहमीच्या सगळ्या चाचण्यांतून त्या गेलेल्या नव्हत्या, आणि बसवल्यावर राउटरवर लक्ष ठेवा असं कंपनीनेच सांगितलं होतं. हा निर्णय मला बरोबर वाटतो. वायफाय अधूनमधून तुटण्याचा धोका आणि राउटर परक्याच्या हाती जाण्याचा धोका, यांत निवड अवघड नाही.

एका ओळीची दुरुस्ती ७९ ठिकाणी करायला वेळ का लागावा, असं बाहेरून वाटतं. प्रत्येक मॉडेलची चिप वेगळी, चिप कंपनीने दिलेला संच वेगळ्या वर्षाचा, कंपायलर त्या काळातला. दहा वर्षांपूर्वीचं फर्मवेअर आज पुन्हा बांधायचं तर आधी ते बांधणारं यंत्र उभं करावं लागतं, आणि ते कसं उभं करायचं हे माहीत असलेला माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. या खात्यात काम केलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. पण त्याचा दुसरा अर्थ असा की विकलेलं उपकरण आपल्याला पुन्हा दुरुस्त करता येणार नाही, याची तजवीज कंपनीनेच नकळत करून ठेवलेली असते.

जुलैअखेर चित्र स्पष्ट झालं. ७९ पैकी ४५ मॉडेलांना दुरुस्ती मिळणार नव्हती. आधाराचा, म्हणजे कंपनीने दुरुस्त्या पुरवण्याचा, काळ संपला, हे कारण. तो काळ मोजण्याची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते मॉडेल कंपनीने वितरकांना शेवटचं कधी विकलं, तिथून तीन वर्षं किंवा त्याहून अधिक, असा हिशेब कंपनीने सांगितला. ग्राहकाने दुकानातून कधी आणलं, याला त्यात स्थान नव्हतं. वितरकाच्या गोदामात आणि मग दुकानाच्या फळीवर वर्षभर पडून राहिलेला राउटर एखाद्याने सवलतीत आणला असेल, तर त्याच्या वाट्याचा काळ त्याने बिल भरण्याआधीच सरायला लागलेला होता.

घरातल्या माणसापुढचे पर्याय

दुरुस्ती मिळालेल्यांचं सोपं होतं, निदान कागदावर. राउटरच्या खालच्या चिठ्ठीवरून मॉडेलचं नाव बघायचं, त्यातला 'व्ही२', 'व्ही३' हा शेवटचा भाग न विसरता. कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्या आतून निराळ्या असतात आणि एकीचं फर्मवेअर दुसरीत घालायचं नसतं. मग कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून स्वतः चढवायची. हे किती घरांत झालं असेल, याबद्दल मी फारसा आशावादी नाही. राउटर बिघडला तरच आपण त्याच्याकडे बघतो, आणि हा दोष असलेला राउटर अजिबात बिघडलेला दिसत नव्हता.

रिमोट मॅनेजमेंट बंद ठेवा हा सल्ला तेव्हा सगळीकडे दिला गेला. सल्ला चांगलाच आहे, त्याने इंटरनेटवरून थेट होणारा हल्ला टळतो. पण फसव्या पानाच्या वाटेने येणारा हल्ला त्याने थांबत नव्हता, आणि हे वाचणाऱ्याला नीट सांगितलं जात नव्हतं. अर्ध्या उपायाला पूर्ण उपाय समजून माणूस निर्धास्त होतो.

ज्यांचं मॉडेल त्या ४५ मध्ये होतं, त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, डीडी-डब्ल्यूआरटी किंवा ओपनडब्ल्यूआरटी यांसारखं मुक्त फर्मवेअर बसवणं. हौशी माणसाला ते जमतं, पण दर मॉडेलला जमतंच असं नाही. ब्रॉडकॉमच्या चिपा असलेल्या राउटरांवर ओपनडब्ल्यूआरटीची अडचण जुनी आहे, कारण त्या चिपांच्या वायफायचे ड्रायव्हर खुले नाहीत. राउटर चालतो, वायफाय रडतं. दोन, नवा राउटर घेणं. चालतं उपकरण टाकून नवं घ्यायचं हे आपल्याकडे सहजी गळी उतरत नाही, आणि उतरू नये असंही एक मन म्हणतं. तरीही या प्रकरणात, उपाय येणार नाही हे पक्कं झाल्यावर आणि हल्ल्याचा कोड उघड्यावर असताना, तो राउटर इंटरनेटच्या तोंडाशी ठेवण्यात शहाणपण नव्हतं. नव्या राउटरच्या मागे फक्त वायफाय देणारं उपकरण म्हणून त्याला ठेवावं, असंही काहींना वाटेल. पण फसवं पान घरातूनच हल्ला करतं, त्यामुळे मागे ठेवूनही तो सुरक्षित होत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

कोड लिहिणाऱ्याने लांबी तपासायला हवी होती, हे उघडच आहे, आणि त्यावर फार बोलण्यात हशील नाही. लाखभर ओळी लिहिणारी माणसं एखादी तुलना विसरणारच. विसरलेली ओळ ही घटना. तिचं संकट झालं ते बाकीच्या गोष्टींमुळे. त्यातली सर्वांत स्वस्तात टळणारी गोष्ट कुकीची होती. फर्मवेअर बाहेर पडण्याआधी 'या प्रोग्रॅममध्ये स्टॅक कुकी आहेत का, तो हलत्या पत्त्यांसाठी कंपायल झाला आहे का' एवढं आपोआप तपासणारी एक पायरी जोडली असती, तर डी८५०० मधून गेलेलं संरक्षण त्याच दिवशी लक्षात आलं असतं. अशी तपासणी करणारी साधनं फुकट मिळतात.

दुसरी गोष्ट क्रमाची. कोण बोलतंय हे ठरल्याशिवाय त्याने दिलेली फाइल उघडायचीच नाही. पासवर्ड आणि टोकन आधी, फाइल नंतर. हा क्रम पाळला असता तर तोच दोष फक्त राउटरच्या मालकाला वापरता आला असता, आणि मालकाला तो वापरण्याचं कारण नव्हतं.

तिसरी गोष्ट मुदतीची. आधार कधी संपणार हे विकतानाच सांगितलं असतं तर ४५ मॉडेलांच्या मालकांना जुलै २०२० मध्ये ते बातमीतून कळलं नसतं. यात पुढे काही देशांत हालचाल झाली. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांच्या उत्पादकाला सुरक्षा दुरुस्त्या किमान कधीपर्यंत देणार, हे जाहीर करावं लागतं. किती काळ द्यायच्या हे तो कायदा सांगत नाही. एक महिना लिहिला तरी चालतो, फक्त लिहावा लागतो. युरोपीय संघाचा २०२४ मध्ये संमत झालेला कायदा त्यापुढे जाऊन साधारण पाच वर्षांची अपेक्षा ठेवतो, पण त्याची मुख्य कलमं लागू होणार डिसेंबर २०२७ पासून.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक फाटा आहे. अनेक घरांत राउटर दुकानातून आणलेलाच नसतो. फायबरची जोडणी देणारी कंपनी किंवा गल्लीतला केबलवाला तो बसवून जातो. मॉडेल कुठलं, फर्मवेअर कोण बदलणार, याची चर्चा होत नाही. बोलणं होतं ते महिन्याचं भाडं आणि स्पीडचं. अशी बरीच उपकरणं टीआर-०६९ या व्यवस्थेतून सेवा कंपनीच्या सर्व्हरला जोडलेली असतात, म्हणजे तिने ठरवलं तर हजारो घरांतलं फर्मवेअर ती एका रात्रीत, कुणाचं दार न वाजवता बदलू शकते. नेटगियरच्या ग्राहकाला जे काम स्वतः फाइल उतरवून करावं लागलं, ते इथे ग्राहकाच्या नकळत होऊ शकतं. होतं का, हा प्रश्न जोडणी घेताना विचारता येतो: हे मॉडेल कोणतं, याचं फर्मवेअर शेवटचं कधी बदललं, आणि दुरुस्ती येणं बंद झालं तर डबा बदलून देणार का. उत्तर तोंडी मिळालं तर तेच बिलाच्या किंवा अर्जाच्या मागे लिहून घ्यावं.